बांधावरचा आंबा गेला, आता लोणचे कशाचे?

मृगाचा पहिला पाऊस पडून हवेतला उष्मा जरा उतरला की लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या इतवाऱ्यात लोणच्याच्या आंब्यांचे ढीग लागतात. ढिगाशेजारी मोठा अडकित्ता घेऊन एखादा माणूस बसलेला असतो. गिऱ्हाईक आंबे तोलून घेते, तो फोडून देतो, कोयीतला गर बाजूला काढतो आणि पिशवीभर फोडी घरी जातात. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या व्यवहारात एक प्रश्न आता कुणी विचारत नाही आणि विचारला तरी त्याचे उत्तर मिळत नाही. हा आंबा कोणत्या झाडाचा? पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न आधी विचारला जाई. लोणचे कुणाच्या हातचे याइतकेच ते कोणत्या आंब्याचे, याला महत्त्व होते. आणि लोणच्याचा आंबा विकत आणावा लागणे, हे शेतीवाडी असलेल्या घरात थोडे कमीपणाचेच मानले जाई.

नांदेड आणि लातूर हे आंब्याचे जिल्हे म्हणून कधी ओळखले गेले नाहीत. नांदेडचे नाव अर्धापूरच्या केळीसाठी घेतात, लातूरचे तूरडाळीसाठी आणि सोयाबीनच्या बाजारासाठी. आंबा म्हटला की मराठी माणसाचे बोट नकाशावर आपोआप रत्नागिरी-देवगडकडे जाते. तरीही कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर, निलंगा या सगळ्या पट्ट्यात बांधावर, विहिरीच्या थारोळ्यापाशी, ओढ्याच्या काठाने आंबा होताच. कुणी हौसेने लावलेला, कुणी खाऊन भिरकावलेल्या कोयीतून आपणहून उगवलेला. त्याला कुणी पाणी घातले नाही, खत दिले नाही. पहिली चार-दोन वर्षे गुराढोरांच्या तोंडातून वाचला, की पुढची ऐंशी-शंभर वर्षे तो आपला आपण उभा असे. यालाच आपण गावरान किंवा रायवळ आंबा म्हणतो.

‘गावरान’ हा शब्द आज आपण असा वापरतो की जणू ती एकच जात आहे. तशी ती नाही. शेपूसारखा वास येणारा तो शेप्या, चवीला ओल्या खोबऱ्याची आठवण करून देणारा तो खोबऱ्या, गालावर लाली असलेला शेंदऱ्या, लांबट तो केळ्या, लहानसा पण साखरेसारखा गोड तो साखरगोटी. ही नावे जातींची नव्हेत, झाडांची आहेत. एका गावचा शेप्या आणि दहा कोसांवरच्या दुसऱ्या गावचा शेप्या यांचा वासापुरता संबंध. याचे कारण आंब्याच्या कोयीत आहे. आपल्याकडच्या आंब्यांच्या कोयीत बहुधा एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून आलेला असतो. मोहरावर माश्या बसतात, परागकण इकडचे तिकडे जातात आणि कोयीतून उगवणारे झाड आईसारखे निघेलच याची कसलीही खात्री नसते. गोड आंब्याची कोय लावावी आणि आंबट झाड यावे, हे नेहमीचेच. म्हणजे कोयीतून आलेले प्रत्येक झाड हे त्या प्रकारचे जगातले पहिले आणि एकमेव झाड असते. ते तोडले की तो आंबा संपला. त्याच्या कोया कितीही पेरा, तो परत येत नाही. तो टिकवायचा एकच मार्ग, झाड उभे असेपर्यंत त्याच्या काडीचे कलम बांधून ठेवणे. या लेखाचा सारा मुद्दा एवढाच आहे. पण तो नीट कळायला त्या आंब्याचे घरात काय काय होत असे, हे आधी पाहिले पाहिजे.

आंबा उतरवणे हे झाडावर चढून फांद्या झोडपण्याचे काम नव्हे. कोणते झाड केव्हा उतरवायचे, हे झाडागणिक वेगळे. देठाजवळचे खांदे फुगून वर आले, देठ किंचित खोलगट जागेत बसला, हिरव्या रंगातला काळसरपणा गेला, आणि झाडावरचा एखाद-दुसरा आंबा आपणहून पिकून खाली पडला, म्हणजे पाड लागला. पाड लागलेले झाड उतरवायला उशीर केला तर अर्धे आंबे पाखरांचे. घाई केली तर अढीत ते सुरकुततात, पिकत नाहीत. शंका असेल तेव्हा आंबा पाण्याच्या बादलीत टाकून पाहत. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. कृषी महाविद्यालयात हीच कसोटी विशिष्ट गुरुत्वाच्या नावाने शिकवतात.

उतरवायचे ते सकाळी, ऊन चढायच्या आत. लांब काठीला आकडी आणि आकडीखाली जाळी. कोकणात याला झेला म्हणतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यात सुधारणा करून ‘नूतन झेला’ तयार केला. काठीचे कसब असे की आंबा देठासकट जाळीत यावा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि दोन दिवसांत त्याच जागेवरून आंबा सडू लागतो. म्हणून पेरभर देठ ठेवूनच आंबा खुडायचा. उतरवणाऱ्याला मजुरीऐवजी आंबेच मिळत, राखणदारालाही. भाऊबंदांत झाड सामाईक असेल तर झाडाखालीच वाटे पडत. मोजणी शेकड्यावर चाले आणि शेकडा म्हणजे नेमके शंभर कधीच नसत. वरकड आंबे धरूनच शेकडा होई. शिवाय वाऱ्याने पडलेला आंबा मालकाचा नसून वेचणाऱ्याचा, असा अलिखित नियम बहुतेक गावांत होता. वळवाच्या वादळानंतर पहाटे ओटी बांधून झाडाखाली जाणाऱ्या बायका काही चोरी करायला जात नव्हत्या. ज्यांच्या नावावर एक गुंठा जमीन नाही, त्यांच्या घरची आंबोशी याच पडीच्या आंब्याची असे.

पिकवायचा आंबा अढीत जाई. गव्हाचे काड किंवा वाळले गवत खाली अंथरायचे, त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा काड, पुन्हा आंबे. खोली बंद. पिकू लागलेला आंबा स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि हा वायू शेजारच्या आंब्याला पिकवतो. काडाने ऊब आणि वायू दोन्ही कोंडले जातात. आठ-दहा दिवस रोज हात घालून चाचपायचे, मऊ लागेल तो काढायचा, नासला असेल तो आधी काढायचा. आज हेच काम बाजारात कॅल्शियम कार्बाइडची पुडी एका रात्रीत करते. कार्बाइडने फळे पिकवायला कायद्याने बंदी आहे. अन्नभेसळीच्या जुन्या नियमांतही ती होती, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश राहू शकतात, हे सर्वांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये इथिलीन वायूने, तोही शंभर पीपीएमच्या मर्यादेत, फळे पिकवायला रीतसर परवानगी मिळाली. म्हणजे अढीत जे होत होते त्याचेच यंत्र झाले. तरीही पुडी काही पूर्ण गेलेली नाही. असो.

गावरान आंब्याचे खरे वैभव मात्र अढीत नव्हते, ते बरणीत होते. ही झाडे बहुधा एक वर्षाआड फळतात. एका वर्षी फांद्या मोडतील इतका भार, दुसऱ्या वर्षी पोरांच्या दगडालाही काही लागू नये अशी स्थिती. त्यातून हा मुलूख अवर्षणाचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली तशी गारपीट आली की मोहर आणि कैऱ्या एका दुपारीत जमिनीवर. अशा ठिकाणी भरल्या वर्षाचा आंबा रिकाम्या वर्षासाठी ठेवणे ही काही सुगरणपणाची हौस नव्हती. पावसाळ्याच्या तोंडाला, शेतातल्या भाज्या यायच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत भाकरीबरोबर कोरड्यास काय, या प्रश्नाचे ते उत्तर होते. निंदणीला, पेरणीला जाणाऱ्या बाईच्या फडक्यात भाकरी, कांदा आणि लोणच्याची फोड असे. वरणात चिंच नसेल तेव्हा आंबोशीचा तुकडा असे.

आणि इथेच झाडाचे महत्त्व येते. सगळे आंबे सगळ्याला चालत नसत. लोणच्याला आंबा हवा तो आंबट, कडक, कमी रेषांचा आणि कोय पक्की धरलेला. कोयीचे कवच कठीण झालेले असेल तर फोडीला पाठ राहते. कवच न धरलेल्या कैरीची फोड चार महिन्यांत मऊ पडते आणि बरणीत नुसता लगदा उरतो. पण कवच पक्के व्हायच्या वेळेलाच ज्या झाडाचा आंबा आतून पिवळा पडू लागतो, तो लोणच्याला निरुपयोगी. कवच कठीण आणि गर अजून पांढरा व आंबट, ही स्थिती ज्या झाडावर मृगापर्यंत टिकते ते लोणच्याचे झाड. अशी झाडे गावात दोन-चारच असत आणि ती कोणती, हे घरातल्या बायकांना पाठ असे. पाडाला येऊ घातलेला, आंबट-गोडाच्या सीमेवरचा आंबा साखरांब्याला आणि गुळांब्याला. पातळ रसाचा, रेषाळ, चोखून खायचा गोड आंबा रसाला. उरलेला रस तूप लावलेल्या ताटात ओतून थरावर थर वाळवायचा, त्याची पोळी. पडीच्या आणि मार लागलेल्या कैऱ्यांच्या चिरा मीठ लावून वाळवायच्या, ती आंबोशी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. ज्या उन्हाला आपण सारे शिव्या घालतो, ते उन्ह या कामी फुकटचे वाळवणयंत्र होते. कोयीतल्या गराचेही वाळवून मुखवासाचे तुकडे होत.

लोणच्याची कृती इथे देण्याचे कारण नाही, ती घरोघर आहे आणि प्रत्येक घराची खरी आहे. पण तिच्या मागचे शास्त्र सांगण्यासारखे आहे. आंबा कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा, फोडल्यावर त्याला पाणी लागू द्यायचे नाही. फोडींच्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके मीठ आणि हळद लावून ठेवल्या की मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते, खार सुटतो. जंतूंना वाढायला मोकळे पाणी लागते आणि मीठ ते त्यांना मिळू देत नाही. कैरीचे आम्ल दुसरा पहारेकरी. वर तापवून गार केलेल्या तेलाचा थर, तो हवा तोडतो आणि हवेशिवाय बुरशी जगत नाही. मोहरी, मेथी, हिंग आपापले काम करतात. तोंडाला दादरा बांधलेली चिनी मातीची बरणी मीठ आणि आंबटाला दाद देत नाही, पितळ-तांबे देते. म्हणून लोणचे कधी धातूच्या भांड्यात ठेवले गेले नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लोणचे नासले की त्याचा ठपका घरातल्या एखाद्या बाईच्या विटाळावर ठेवण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, अजूनही काही घरांत आहे. लोणचे नासते ते मीठ कमी पडल्याने, ओल्या पळीने, तेल फोडींच्या खाली गेल्याने. सावलीने नासत नाही. ज्या हातांनी हे सगळे शास्त्र पुस्तकाशिवाय सांभाळले, त्याच हातांना महिन्यातले चार दिवस बरणीपासून दूर ठेवणारा हा विटाळ आंब्याबरोबर गेला असता तर बरे झाले असते. आंबा गेला, तो मात्र राहिला.

त्या बरणीत आणखी एक गोष्ट होती. तिच्यातले जवळजवळ सगळे आसपासच्या मुलखातले असे. तिखट धर्माबादच्या बाजारचे, हळद नांदेड-वसमतची, तेल आपल्या रानातल्या करडईचे, घाण्यावरून काढून आणलेले. मीठ आणि हिंग तेवढे बाहेरचे. करडई हे मराठवाड्याचे रब्बीचे जुने पीक; तिच्या काट्यांना कंटाळून आणि सोयाबीनच्या रोख पैशाकडे पाहून शेतकऱ्याने ती सोडली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईवर पुष्कळ काम केले आहे, पण पेरा घटतच गेला. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाला लागून असलेल्या तालुक्यांत आवकायाच्या वळणाचे, मोहरीच्या पुडीचे झणझणीत लोणचे घालतात. कोरड्या लातूरकडे मेथी-हिंगाचा हात जास्त. पन्नास मैलांत चव बदलावी, हे तेव्हा नवल नव्हते.

मग हा आंबा गेला कुठे? दोष एका कुणाचा नाही आणि ज्याने झाड तोडले त्याला दोष देणे तर सगळ्यात सोपे आहे. त्याचा हिशेब मांडून पाहा. मोठ्या आंब्याचा घेर चाळीस फूट धरला तर त्याच्या सावलीखाली साडेबाराशे चौरस फूट, म्हणजे एक गुंठ्याहून अधिक जमीन जाते. पंचवीस एकरांच्या बापजाद्याला एक गुंठा म्हणजे काहीच नव्हते. तीच जमीन तीन पिढ्यांत वाटण्या होऊन दोन-अडीच एकरांवर आली, बांधावर दोन झाडे असली आणि ती दोन वर्षांतून एकदा फळणारी असली, की सोयाबीनचा तो तुकडा डोळ्यांत खुपतो. वर शेजारच्या भावाचे भांडण की फांद्या माझ्या रानात येतात. त्यात ट्रॅक्टर आला, त्याला वळायला झाड आडवे येते. मुलीचे लग्न काढले, दवाखाना निघाला, की लाकडाचा व्यापारी दारात हजर असतोच. आंब्याचे लाकूड खोक्यांना चालते, विटभट्टीला चालते. शंभर वर्षांचे झाड एका सकाळीत जाते.

दुसरे कारण सरकारी आणि तेही चांगल्या हेतूचे. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्याच्या रानात खड्डे रोजगार हमीतून आणि कलमांना अनुदान. ही योजना देशात पुढे नावाजली गेली आणि ते योग्यच होते. मराठवाड्यात या खड्ड्यांतून जो आंबा वाढला तो बहुतेक केशर. केशर इथल्या हवेला मानवला, नियमित फळतो, रंगाला, वासाला, टिकाऊपणाला उत्तम. मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ज्यांनी केशरच्या बागा उभ्या केल्या त्यांनी या दुष्काळी भागात पैसा आणला आहे आणि त्यांच्याविरुद्ध बोलायचे काहीच नाही.

पण केशर आला कुठून, ते पाहण्यासारखे आहे. जुनागढच्या संस्थानात सालेभाई नावाचे वजीर होते. गिरनारच्या परिसरातला एक आंबा त्यांच्या मनात भरला, त्याची कलमे १९३१ मध्ये वंथली येथे बांधली गेली. लोक त्याला ‘सालेभाईंचा आंबा’ म्हणत. १९३४ मध्ये नवाबाने त्याचा रंग पाहून ‘केशर’ हे नाव दिले. लखनौजवळच्या दशहरी गावात दशहरीचे मूळ झाड आजही उभे दाखवतात. हापूस हा गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात कलमांवर पसरलेला. म्हणजे आज आपण ज्यांना प्रतिष्ठित जाती म्हणतो, ते एके काळी कुठल्या तरी बांधावरचे एकेक झाडच होते. फरक इतकाच की त्यांच्याकडे वेळेवर कुणाचे तरी लक्ष गेले आणि कलम बांधले गेले. आपल्या मुखेडच्या, जळकोटच्या, औशाच्या आंब्याकडे लक्ष होते ते घरातल्या बायकांचे. त्यांच्या हाती ना जमीन होती, ना रोपवाटिका, ना सातबारावर नाव.

शिवाय केशर खायचा आंबा आहे. त्याची कैरी लोणच्याला वापरतात, नाही असे नाही. पण बागाईतदार चांगल्या भावाचा आंबा मृगापर्यंत हिरवा कशाला ठेवील? आणि कुंपणातल्या बागेत पडीचा आंबा वेचायला कुणी जाऊ शकत नाही.

झाडे घालवणारी आणखी दोन मोठी निमित्ते सांगितली पाहिजेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. घरे नव्या जागी बांधता आली, विहिरीवरचे आणि परड्यातले आंबे काही उचलून नेता आले नाहीत. ज्या घरांत माणसेच गेली तिथे झाडाची आठवण कोण काढणार, हेही खरे. पुढे नागपूर-तुळजापूर महामार्गाचे चौपदरीकरण झाले. अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा असा तो जातो. रस्ता हवाच होता. पण जुन्या रस्त्याच्या कडेची वड, चिंच, आंबा अशी सावलीची झाडे त्यात गेली आणि त्यांच्या जागी दुभाजकात कण्हेर आली.

आता कायद्याचे. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत जी झाडे खासगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्यांत साग-चंदनाबरोबर आंबा, चिंच, जांभूळ आणि मोहही आहेत. ज्या लातूर जिल्ह्यात भूभागाच्या एक टक्काही जंगल नाही, तिथे बांधावरची झाडे हेच जंगल, तेव्हा हा कायदा महत्त्वाचा. परंतु परवानगी देताना अधिकारी पाहतो तो झाडाचा घेर, वय, रस्त्याला किंवा घराला धोका. या झाडाचा आंबा कसा आहे, तो दुसरीकडे कुठे आहे का, हा प्रश्न अर्जात नाही. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवी झाडे लावण्याची अट घालतात. पण वर सांगितले त्या कारणाने आंब्याच्या बाबतीत एका झाडाची भरपाई दहा रोपांनी होत नाही. झाडांची संख्या भरून निघते, तो आंबा परत येत नाही. परवानगी देण्याआधी त्या झाडाच्या काड्या घेऊन दोन कलमे बांधा, एवढी एक अट घातली तर कुणाचेही लाकूड अडत नाही आणि आंबाही राहतो. यासाठी नवा कायदा लागत नाही. वन खाते आणि कृषी खाते यांनी मिळून एक परिपत्रक काढले तरी पुरे.

इतर देशांनी ही गोष्ट फार आधी ओळखली. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ब्रॉग्डेल येथे फळझाडांचा राष्ट्रीय संग्रह आहे. एकट्या सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती तिथे झाडांच्या रूपाने उभ्या आहेत. इतके लांब जायचे नसेल तर कर्नाटकात जावे. शिरसी-सागरच्या बाजूला नदीकाठच्या रानटी झाडांची कोवळी कैरी, अप्पेमिडी, फक्त लोणच्यासाठी वापरतात. तिथल्या लोकांनी कोणत्या झाडाचा वास कसा, कोणाची कैरी किती वर्षे टिकते, हे हेरून त्या झाडांची कलमे बांधली, त्यांची रोपे विकली आणि अप्पेमिडीला भौगोलिक मानांकन मिळवले. लोणच्याच्या आंब्याला खाण्याच्या आंब्याइतका मान मिळू शकतो, याचा हा शेजारचा दाखला. आपल्याकडे लातूरच्याच निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये असे मानांकन मिळाले. जे चिंचेला जमले ते आंब्याला जमू नये असे काही नाही. फक्त आंब्याच्या बाबतीत झाडे शिल्लक असताना जमले पाहिजे.

छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत परभणी कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे आणि जुने आंबे तिथे सांभाळलेले आहेत. पण एक केंद्र किती बांध हिंडणार? झाडे शोधण्याचे काम गावातच व्हायला हवे. शिवाय २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावे नोंदवता येते, फळझाडांनाही हा अधिकार लागू आहे. किती जणांना हे ठाऊक आहे?

कलम बांधणे फार अवघड नाही. मृगानंतर आंब्याच्या ताज्या कोया वाफ्यात किंवा पिशवीत टाकायच्या. दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचे कोवळे रोप वर येते. त्या रोपाचा शेंडा छाटून, खाच देऊन त्यात हव्या त्या झाडाची तीन-चार महिन्यांची, डोळे फुगलेली काडी बसवायची आणि पट्टीने बांधायची. याला कोय कलम म्हणतात. जुलै-ऑगस्टची दमट हवा त्याला सगळ्यात चांगली. काडी ज्या फांदीवरून घ्यायची तिची पाने आठ-दहा दिवस आधी खुडून ठेवायची. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात तर कोय शेतातच कायमच्या जागी लावून तिच्यावरच कलम करणे अधिक चांगले, कारण मग सोटमूळ न दुखावता खोल जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या आधीच्या वर्षांतही मराठवाड्यात मोसंबीच्या बागा टँकरने जगवताना माणसे मेटाकुटीला आली होती आणि कित्येकांनी शेवटी झाडांवर कुऱ्हाड चालवली. गावरान आंब्याला त्या वर्षांत कुणी टँकर घातला नव्हता.

काडी कोणत्या झाडाची घ्यायची, हे मात्र रोपवाटिकेतल्या माळ्याला कळणार नाही. ते सांगू शकतील त्या आता साठी-सत्तरीत असलेल्या बायका. कोणत्या बांधावरच्या आंब्याची फोड दुसऱ्या वर्षीही करकरीत राहते, कोणत्याची आंबोशी काळी पडते, कोणत्याच्या रसाची पोळी ताटाला चिकटत नाही, हे त्यांनी चाळीस-चाळीस बरण्या घालून तपासलेले आहे. गावोगाव बचत गट आहेत, त्यांतले कितीतरी लोणची-पापड करतात आणि त्यासाठी बाजारातला आंबा आणतात. त्यांनी आपल्या गावात शिल्लक असलेली लोणच्याची झाडे एका वहीत उतरवली, गट नंबरासह, आणि कृषी सहायकाने ती वही तालुक्याच्या रोपवाटिकेत नेली, तर पहिल्या वर्षी शे-दीडशे कलमे सहज होतील. त्यांना फळ यायला चार-पाच वर्षे लागतील. तोवर मूळ झाड उभे राहिले पाहिजे, आणि त्याच्या मालकाला त्या पाच वर्षांच्या सावलीचे काही तरी मिळाले पाहिजे. काडीला दर ठरवता येईल, एका जुन्या झाडावर हंगामात शेकड्याने काड्या निघतात.

यंदाच्या कोया अजून उकिरड्यावर गेलेल्या नसतील. शाळेतल्या पोरांना सांगितले तर एका दिवसात पोतेभर गोळा होतील. कोया महिनाभराच्या आतच लावाव्या लागतात, वाळल्या की त्या रुजत नाहीत.